दोन पाट्यांची शाळा आणि नऊ अंक: एका एम.एड. लघुप्रबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर-बेळगाव पट्ट्यात एकाच आवारात दोन सरकारी शाळा असणं नवलाचं नाही. फाटक एक, पाट्या दोन. एक मराठी शाळेची, दुसरी कन्नड शाळेची. मैदान एक, पाण्याचा नळ एक, दुपारचा बिसीऊट शिजतो ती खोलीही शेजारीशेजारी. घंटा मात्र दोन, आणि त्या एकमेकींच्या मिनिटभर मागेपुढे वाजतात. हे प्रकरण अशाच एका आवारातलं आणि आसपासच्या काही शाळांमधलं आहे. गाव, कॉलेज, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलांच्या गुणांचे आकडेही दिलेले नाहीत. आमचा भाग लहान आहे, नुसत्या आकड्यांवरून शाळा ओळखणारे लोक इथे भेटतात.

संशोधन करणारी शिक्षिका मराठी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवून एम.एड.ला आलेली. मुलं तिला ‘बाई’ म्हणायची, म्हणून इथेही बाईच म्हणतो. मार्गदर्शक मॅडम कन्नडभाषक, बालविकास शिकवणाऱ्या. मराठी त्यांना आमच्याइतकंच कळतं, बोलताना क्रियापद मात्र त्या आपल्या मर्जीनं लावतात. मी संशोधनपद्धती शिकवतो, त्यामुळे विभागातला प्रत्येक आराखडा माझ्या टेबलावरून जातो. या आराखड्यावरही माझी सही आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

विषय होता: मराठी आणि कन्नड माध्यमातल्या चौथीच्या मुलांचं आरोग्य आणि कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता. आरोग्याच्या बाजूनं उंची, वजन, सकाळी काय खाल्लं, रात्री किती वाजता झोपलं, एवढीच माहिती. स्मृतीसाठी अंक म्हणून दाखवण्याची चाचणी, जिला सगळे ‘डिजिट स्पॅन’ म्हणतात. परीक्षकानं सपाट आवाजात, सेकंदाला एक या गतीनं अंक म्हणायचे आणि मुलानं ते त्याच क्रमानं परत म्हणायचे. तीन अंकांपासून सुरुवात, मग चार, मग पाच. एका लांबीच्या दोन्ही याद्या चुकल्या की थांबायचं. नंतर तेच उलट क्रमानं. साधन फुकटचं, कागदाचा एक तुकडा पुरतो, आणि जुनं आहे. बिने आणि सिमाँ या फ्रेंच संशोधकांच्या १९०५ च्या बुद्धिमापनश्रेणीतच तीन अंक परत म्हणायला लावणारा प्रश्न होता.

आमच्या भागाशी तर या परंपरेचं नातं थेट आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचण्यांचं रूपांतर केलं ते मराठी आणि कन्नड या दोन भाषांत, १९३४ च्या सुमारास. त्याला मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणत, कारण बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. आजही एखाद्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचा दाखला हवा असेल तेव्हा ‘बिने-कामत’ हे नाव कानावर येतं. मुलांची बुद्धी याच दोन भाषांत मोजायचा उद्योग असा नव्वद वर्षांचा. मग चौथीच्या मुलांकडून नऊ अंक म्हणवून घेण्यात काय एवढं अवघड, असं वाटलं. मलाही वाटलं.

काळजी घेतली नाही असं नाही. सूचना आधी मराठीत लिहिल्या, मॅडमनी त्या कन्नडात केल्या, मग तिसऱ्या माणसानं मूळ न बघता कन्नडाचं परत मराठी केलं. दोन्ही मराठी मजकूर ताडून पाहिले, शब्दाला शब्द जुळला. पालकांना त्यांच्या भाषेतलं संमतिपत्र दिलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात त्याप्रमाणे पालकांच्या सहीवर न थांबता प्रत्येक मुलालाही तोंडी विचारलं, नको वाटलं तर वर्गात परत जा म्हणून सांगितलं. दोघं खरंच उठून गेली. एकाला खो-खो बुडत होता.

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटी बाई आकडे घेऊन आली. मराठी माध्यमाची मुलं सरळ क्रमात पुढे होती. फरक पूर्ण एका अंकाचाही नव्हता, पण टी-चाचणीत, म्हणजे दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे बघणाऱ्या गणितात, ठामपणे टिकत होता. उलट क्रमात तसाच, थोडा कमी.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरून आहे. इकडे दरवर्षी मराठी शाळांचा पट घटल्याच्या बातम्या वाचायच्या, कुठल्या शाळेला कुलूप लागलं ते ऐकायचं, आणि अचानक आपल्या मुलांच्या बाजूनं एक आकडा हातात पडतो. शिवाय दिवस कुठले, तर १ नोव्हेंबर तोंडावर. १९५६ साली त्या दिवशी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या बाजूला काळ्या दिवसाची फेरी. बाईच्या भावाचा एक मित्र वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचा. घरात बोलता बोलता विषय निघाला आणि त्यानं मथळाही करून टाकला: ‘सीमाभागातील मराठी माध्यमाची मुले स्मरणशक्तीत सरस’. बाईनं मला फोन केला, “सर, देऊ का? तुमचं नाव घालूलेत ते.”

मी “आजचा दिवस थांबा” म्हणालो. कुठल्या तत्त्वासाठी नव्हे, मॅडमना विचारायचं राहिलं होतं म्हणून.

मॅडमनी आकडे पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मला एकदा शाळेत बसू द्या, मुलं म्हणताना बघते.” पुढे बऱ्याच महिन्यांनी त्यांनी सांगितलं की शंका त्यांना पहिल्याच मिनिटाला आली होती. पण मी कन्नडची, मीच बोट ठेवलं तर तुम्ही काय समजाल, म्हणून गप्प बसले. आमच्या एका विभागात, एका चहाच्या किटलीवर बारा वर्षं एकत्र काढलेल्या माणसांत ही अवस्था.

आम्ही तिघं त्या दोन पाट्यांच्या शाळेत गेलो. कन्नड वर्गातल्या एका मुलाला बोलावलं, ज्यानं त्या शाळेत सगळ्यात जास्त अंक सांगितले होते. व्हरांड्यात सतरंजीवर तो मांडी घालून बसला, हाताला चिंचेचा चिकटा. मॅडम कन्नडात अंक म्हणू लागल्या: नाल्कु, ओंबत्तु, एरडु, एळु, ओंदु, ऐदु. मुलगा ऐकताना खाली बघत होता. मॅडम थांबल्या, तसं त्यानं डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलले, आवाज न करता. मग डोळे उघडून त्यानं सहाच्या सहा अंक कन्नडात म्हणून दाखवले.

मॅडमनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “सर, ओठ बघा त्याचे.” आणि पुढची यादी म्हटली.

आता मी ओठच बघत होतो. ओठ मिटतात आणि जीभ दातांना लागते एवढंच दिसत होतं, पण दिसत होतं ते ‘दोन’, ‘सात’, ‘पाच’ असं. मॅडमनी त्याला मराठीत विचारलं, “मनात कसं म्हणतोस रे?” तो लाजला, चोरी पकडल्यासारखा. म्हणाला, “घरातल्यागत म्हणतो. बेगी होतंय.”

घरी मराठी, शाळा कन्नड. कन्नडात ऐकायचं, मराठीत घोकायचं, कन्नडात उत्तर द्यायचं. ‘बेगी होतंय’, लवकर होतं. त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरानं आमच्या लघुप्रबंधातलं भोक चार शब्दांत दाखवलं.

परतीच्या बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. ‘सहा’ आणि ‘नऊ’ सोडले तर प्रत्येक अंकाला जिभेचा एकच ठोका. नऊ अंकांचे मिळून अकरा ठोके. कन्नडात ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु. एका ठोक्याचा एकही नाही, एकूण वीस. बोलताना एरडुचं ‘एर्डु’ होतं हे मॅडमनी लक्षात आणून दिलं. एकोणीस धरा.

याचं महत्त्व मला माहीत असायला हवं होतं, कारण वर्गात मी ते शिकवतो. ऐकलेले शब्द आपण मनात पुन्हा पुन्हा म्हणून धरून ठेवतो. बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द म्हणता येतात तेवढेच असे टिकतात. शब्द लांब झाले की संख्या घटते. एका वेळी किती गोष्टी लक्षात राहतात याचा मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ हा आकडा पाठ असतो सगळ्यांचा, पण हे सात कुठल्या भाषेतले, हे कुणी विचारत नाही. एलिस आणि हेनेली या दोघांनी १९८० साली नेमकं तेच विचारलं. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या माणसांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहत होते, कारण वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो. मुलांच्या बुद्धिमापनात वेल्श मुलं अंकांच्या प्रश्नात मागे दिसण्याचं कारण त्यांनी तिथे शोधलं. यात एक बारीक गोष्ट आहे. वेल्श अंकही बहुतेक एका ठोक्याचेच आहेत, स्वर लांबतात म्हणून वेळ जातो. म्हणजे माझी वहीतली अकरा-वीस ही मोजणी पुरावा नव्हे, इशारा. खरा पुरावा घड्याळावर मोजायचा असतो.

आमचा अनुवाद बिनचूक होता. उलट अनुवादानं अर्थ तपासला जातो, लांबी तपासली जात नाही. ‘दोन’चं ‘एरडु’ हे कुठल्याही कोशात बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त टोचली. समजा कन्नड मुलं पुढे आली असती. मी त्याच संध्याकाळी अनुवाद, वेळ, शाळा, परीक्षक, सगळं उलटंपालटं करून दोष शोधला असता आणि बहुधा सापडलाही असता. आकडा आवडता निघाला म्हणून मी तो तपासला नाही.

एकदा शोधायला बसल्यावर बाकीचंही दिसू लागलं. बाईला मराठी शाळा घराजवळच्या, म्हणून तिथे ती सकाळी जायची. प्रार्थना होऊन मुलांनी क्षीरभाग्य योजनेतलं दूध प्यायलेलं, डोकी ताजी. कन्नड शाळा बसच्या वाटेवरच्या, तिथे पोचेपर्यंत दुपार. भात-सांबार खाऊन पेंगुळलेली मुलं. शिवाय कन्नड अंक म्हणणारी बाई स्वतः मराठी. तिचे कन्नड उच्चार स्वच्छ, पण सेकंदाला एक ही गती ‘ओंबत्तु’पाशी तिलाच सांभाळता येत नव्हती.

आणि एक मुलगा. त्याच्याबद्दल पुढे.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग आमच्या क्षेत्रात रूढ आहे. निष्कर्ष तसेच ठेवायचे आणि शेवटच्या प्रकरणात ‘संशोधनाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळी टाकायच्या. लघुप्रबंध पास झाला असता. बाहेरचा परीक्षक सहसा मर्यादा वाचत नाही आणि वर्तमानपत्र तर नाहीच नाही. बाईला हाच मार्ग हवा होता, आणि तिचं चूक नव्हतं. ती विनावेतन रजेवर होती, घरात सासूबाईंचं आजारपण होतं, मुदत डिसेंबरची होती. “सर, मी काय खोटं लिहिलंय का?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं एकही अक्षर नव्हतं.

दुसरा पर्याय मी सुचवला, आणि आता त्याची लाज वाटते. कन्नड शाळा काढून टाकायच्या, फक्त मराठी मुलांचं वर्णनात्मक संशोधन करायचं. वाद संपला, तुलना संपली. मॅडमनी एकच विचारलं, “त्या मुलांनी वेळ दिला, पालकांनी सही केली. त्यांना काय सांगणार? तुमची मुलं नको झाली म्हणून?”

प्रत्येक भाषेतल्या मुलाला त्याच भाषेच्या सरासरीशी ताडायचं, हा तिसरा विचार कागदावर योग्य होता. पण त्यासाठी दोन्ही भाषांतले, या वयाचे, या भागातले विश्वासार्ह मानदंड हवेत, आणि शे-सव्वाशे मुलांच्या लघुप्रबंधात ते उभे राहत नाहीत.

राहिला चौथा. भाषा लागत नाही अशी स्मृतिचाचणी जोडीला घ्यायची, अंक म्हणायला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजायचा, आणि प्रश्नच बदलायचा. माध्यमाचा स्मृतीवर परिणाम काय, असं न विचारता हे साधन दोन्ही भाषांत एकच गोष्ट मोजतं का, असं विचारायचं. किंमत: एक सत्र, मुदतवाढीचं शुल्क, शीर्षकबदलाचा अर्ज आणि बाईचं दुखावलेलं मन.

या निर्णयाला आठवडा गेला. शेवटी निकाल बाईनंच लावला, आणि तोही तत्त्वावरून नव्हे. चहा घेताना मी सहज म्हणालो, एकेरी अंकांऐवजी आपण दोन अंकी संख्या घेतल्या असत्या तर? तिनं लगेच ‘एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर’ म्हणून बघितलं आणि हसली. मराठीत एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. कन्नडात इप्पत्तु आणि ओंदु माहीत असलं की इप्पत्तोंदु आपोआप होतं. पलीकडे महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ पद्धत आणली तेव्हा केवढा गहजब झाला होता, तो याच गुंत्यावरून. म्हणजे तीच मुलं, तोच व्हरांडा, फक्त संख्या मोठ्या, आणि मथळा कदाचित उलटा: ‘मराठी माध्यमाची मुले मागे’. बाई कप ठेवून म्हणाली, “मग हे माझ्या नावावर नको. परत करू या.”

काय केलं

बातमी थांबवली. हे वाटतं तेवढं सोपं गेलं नाही. भावाच्या मित्राला ‘अजून पक्कं नाही’ हे कारण पटेना. तो म्हणाला, कन्नडवाल्यांनी दाबलं असणार. मग बाईनं त्याला घरी बोलावून आधी मराठीत आणि मग कन्नडात सात अंक म्हणून दाखवायला लावले. तो दोन्ही भाषा अस्खलित बोलणारा. मराठीत सात जमले, कन्नडात पाचव्याला अडखळला. बातमी आली नाही. त्याला पटलं की तो खट्टू झाला, हे कळलं नाही.

भाषेशिवायची चाचणी म्हणून कोर्सीचे ठोकळे घेतले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९७२ साली कोर्सी यांनी आपल्या प्रबंधासाठी वापरलेलं हे साधन. एका फळीवर नऊ ठोकळे वेडेवाकडे बसवलेले. परीक्षक काही ठोकळ्यांना क्रमानं बोट लावतो, मुलानं तोच क्रम करून दाखवायचा. ठोकळ्यांवर आकडे असतात, पण फक्त परीक्षकाच्या बाजूला. विकतचा संच मागवायला वेळ नव्हता. गावातल्या सुताराला चित्र दाखवलं. तो म्हणाला, ओळीत लावून देतो, असं तिरकंतारकं बरं दिसत नाही. दोनदा समजावल्यावर त्यानं तिरकं बसवलं, वर फुकट पॉलिशही मारलं. ते खरवडावं लागलं, व्हरांड्यातल्या उन्हात चमकत होतं.

उच्चारवेळ मोबाईलवर मोजली. मुलानं एक ते नऊ शक्य तितक्या भरभर तीनदा म्हणायचं, ध्वनिमुद्रण करून नंतर घड्याळ लावायचं. घरी मराठी आणि शाळेत कन्नड अशा मुलांची दोन्ही भाषांत अंकचाचणी घेतली, वेगवेगळ्या दिवशी, निम्म्यांना आधी ही भाषा आणि निम्म्यांना ती. कन्नड याद्या यावेळी कन्नड शिक्षिकेनं म्हटल्या. सगळं काम सकाळी, दूध झाल्यावर, सगळ्या शाळांत.

एक प्रयोग फसला. मनातल्या मनात म्हणणंच बंद पाडलं तर दोन भाषांतला फरक जातो का, हे एलिस-हेनेली यांनी पाहिलं होतं आणि तो गेला होता. आम्हीही मुलांना अंक ऐकताना सतत ‘बा-बा-बा’ म्हणत राहायला सांगितलं. पहिलं पोर दुसऱ्या ‘बा’ला फुटलं, खिडकीतून बघणारी पाच जणं बकरीसारखी ओरडायला लागली, आणि पलीकडच्या शाळेचे गुरुजी काय झालं म्हणून आले. तो भाग तिथेच सोडला.

आता त्या मुलाबद्दल. पहिल्या फेरीत एका कन्नड शाळेतल्या मुलानं तीन अंकही पुरे केले नव्हते. बाईनं त्याला हिशोबातून वगळलं होतं, कारण एक गुण सगळी सरासरी खाली ओढत होता. आकडेशास्त्राच्या दृष्टीनं मीच ते शिकवलं होतं. वर्गशिक्षकांचं मत पक्कं होतं, मंद आहे तो. दाखल्यासाठी बुद्धिमापनाला पाठवायचं चाललं होतं. दुसऱ्या फेरीत ठोकळ्यांवर तो इतरांसारखाच निघाला. बाई त्याच्या शेजारी बसली तेव्हा तिला वास आला. डाव्या कानात कापसाचा बोळा, मळकट, ओला. पावसाळ्यापासून कान वाहत होता. आईनं घरगुती तेल घातलं होतं. आम्ही अंक म्हणत होतो ते त्याला नीट ऐकूच जात नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि त्याचं पथक शाळांत येऊन ज्या तक्रारी तपासतं त्यांत कान वाहणं आणि कमी ऐकू येणं दोन्ही आहेत. मुख्याध्यापकांमार्फत पथकाला कळवलं, त्यांनी जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे पाठवलं. बुद्धिमापन पुढे ढकललं. पण पहिल्या फेरीपासून या दिवसापर्यंत अडीच महिने गेले होते. आमच्या आराखड्यात उंची-वजन होतं, न्याहारी होती, झोप होती. एखाद्या मुलाचा गुण फारच खाली आला तर त्या मुलाचं काय करायचं, यावर ओळ नव्हती.

काय निघालं

ठोकळ्यांवर दोन्ही माध्यमांच्या मुलांत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. सापडला नाही म्हणजे नाहीच, असं बाईनं लिहिलं नाही. एवढ्या मुलांत लहान फरक दिसलाही नसता. उच्चारवेळ कन्नड अंकांना जास्त लागत होती, आणि भरभर म्हणणारी मुलं दोन्ही भाषांत जास्त अंक धरत होती. हे अपेक्षेप्रमाणे.

दुभाषी मुलांचं मात्र सरळसोट निघालं नाही. बऱ्याच जणांना मराठीत जास्त अंक आले, पण काही मुलं, जी पाढे-बेरजा चार वर्षं कन्नडातच करत आली होती, ती कन्नडात तेवढीच किंवा पुढे होती. लांब शब्दही रोजच्या वापरानं जिभेवर बसतो. ‘बेगी होतंय’ म्हणणारा मुलगा मराठीकडे झुकला. त्याच्या शेजारी बसणारी त्याची चुलत बहीण कन्नडाकडे. घर एक, शाळा एक. का, याचं उत्तर लघुप्रबंधात नाही. मॅडमचा अंदाज असा की ती दुकानात बापाला मदत करते, गिऱ्हाईक कन्नड असतं, सुट्टे पैसे मोजता मोजता आकडे पक्के झाले. अंदाज म्हणूनच तो इथे दिला.

शीर्षक बदललं, मुदतवाढ मिळाली. बाई रजा संपवून शाळेत रुजू झाली आणि रात्री लिहून काम पुरं केलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मग शेवटी कुठल्या माध्यमाची मुलं हुशार?” बाईनं सांगितलं, “सर, ते या साधनानं कळत नाही.” परीक्षक थोडे नाराज दिसले. पास केलं.

मुलाच्या कानावर उपचार झाले. ऐकू येणं बरंच सुधारलं, पण पुढच्या पावसाळ्यात कान पुन्हा वाहिला. त्याला आता पुढच्या बाकावर, उजवा कान शिक्षकांकडे येईल असा बसवतात. ‘मंद’ हा शब्द वर्गात थांबला का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुन्हा वेळ आली तर

आराखडा मंजूर करताना मी एकच जास्तीचा कागद मागायला हवा होता. दोन भाषांत चाचणी घेणार असाल तर पाच-सहा मुलांकडून तिच्यातले शब्द आधी म्हणवून घ्या आणि वेळ लिहा. अर्ध्या तासाचं काम. आता विभागात तो कागद लागतो.

मॅडम गप्प बसल्या, तो क्षण मात्र कागदानं सुटत नाही. शंका घेण्याचा हक्क ज्या माणसाला होता त्याच माणसाला ती बोलून दाखवणं अवघड जावं, अशी आमची जागा आहे. आम्ही एक साधी सवय लावून पाहतोय. तुलनेचा निकाल आला की आकडा ज्याच्या बाजूनं आहे त्यानंच आधी त्यातले दोष लिहून द्यायचे. मागच्या वर्षी एकदा हे केलं. मला तीन दोष सुचले, मॅडमना पाच.

वगळलेल्या मुलाबद्दल माझं मत बदललंय. टोकाचा गुण सरासरीतून काढायचा असेल तर काढा, पण त्या दिवशी त्या मुलाकडे परत जाऊन बसल्याशिवाय नाही. ऐकू येतं का, दिसतं का, जेवलाय का, एवढं बघायला मानसशास्त्र लागत नाही. बाई गेली असती तर तिला तो वास ऑगस्टमध्येच आला असता. पाठवायला हवं होतं मी.

सुताराकडून करून घेतलेला तो ठोकळ्यांचा फळा बाईच्या शाळेत राहिला. मधल्या सुट्टीत दोन्ही पाट्यांची मुलं त्यावर खेळतात. गेल्या महिन्यात कुणीतरी ठोकळ्यांच्या मुलांकडच्या बाजूलाही खडूनं आकडे लिहून टाकले, काही मराठी, काही कन्नड, एकावर नुसता जोकराचा चेहरा. चाचणीसाठी फळा बाद झाला. मॅडमनी सुताराला दुसरा सांगितलाय, पॉलिश नको म्हणून बजावून.